आठ वर्षांच्या मुलीला पिवळा बॉल कधी द्यायचा?

प्रश्न एका वडिलांचा आहे. मुलगी आठ वर्षांची, दीड वर्ष टेनिस शिकतेय, अजून नारिंगी, म्हणजे मुलांसाठीच्या हळू आणि कमी उसळणाऱ्या बॉलने छोट्या कोर्टवर खेळते. तिच्याबरोबर सुरुवात केलेली दोन मुलं दुसऱ्या प्रशिक्षकाकडे पूर्ण कोर्टवर पिवळ्या, म्हणजे मोठ्यांच्या नेहमीच्या बॉलने खेळू लागली आहेत. वडील विचारतात, ‘हे लहान मुलांचं साहित्य तिला मागे तर ठेवत नाही ना? आणि आताच मोठी रॅकेट घेऊन ठेवली तर दोन-तीन वर्षं चालेल का?’

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते एका शब्दाचं आहे: नको. बूट एक नंबर मोठा घेतला तर मूल फार तर अडखळेल, आणि वाढल्यावर तोच बूट नीट बसेल. रॅकेट मोठी घेतली तर मूल अडखळत नाही, ते जुळवून घेतं, आणि घोटाळा तिथेच होतो. मनगट वाकवून, कोपर अंगाशी चिकटवून, दांडा कसाही धरून ते बॉल पलीकडे पोचवतंच. दोन वर्षांनी रॅकेट मापाची होते, पण तोवर हाताला ती जुळवाजुळव पक्की बसलेली असते.

आता मुख्य प्रश्न. मी बावीस वर्षं लहान मुलांना शिकवतोय, आणि त्यातली पहिली काही वर्षं मीही सगळ्यांच्या हातात पिवळा बॉलच द्यायचो. तेव्हा माझ्या दृष्टीने स्पंजचे आणि लाल बॉल म्हणजे वाढदिवसाची खेळणी होती. माझं मत एखादं पुस्तक वाचून बदललं नाही, एका मुलामुळे बदललं. त्याच्याबद्दल पुढे सांगतो.

आधी एक हिशेब करू. नेटची उंची मध्यभागी ९१.४ सेंमी असते. तुमची मुलगी साधारण १२५ सेंमी उंच असेल असं धरू. म्हणजे नेट तिच्या उंचीच्या जवळजवळ तीन चतुर्थांश आहे. तुम्ही १७५ सेंमी असाल तर त्याच प्रमाणात तुमच्यासमोरचं नेट १२८ सेंमीचं होईल, म्हणजे तुमच्या छातीला लागेल. आता बॉल बघा. स्पर्धेतला नेहमीचा पिवळा बॉल २५४ सेंमीवरून कडक जमिनीवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंमी उसळला पाहिजे असा नियम आहे. लहान मुलं बॉल नेटच्या बऱ्याच वरून, कमानीत मारतात, त्यामुळे तो साधारण तेवढ्या उंचीवरूनच खाली येतो. म्हणजे तिच्याकडे आलेला बॉल उसळून तिच्या डोक्यावर जातो. छातीएवढ्या नेटपलीकडून येणारे आणि डोक्यावर उसळणारे बॉल तुम्ही रोज तासभर मारत बसलात, तर महिनाभरात तुमचा फोरहँड कसा दिसेल याची कल्पना करा.

यावर मुलाकडे तीनच उपाय असतात. एक, मागे मागे सरकायचं आणि बॉल खाली येईपर्यंत थांबायचं. पूर्ण कोर्टवर पिवळ्या बॉलने खेळणारी आठ वर्षांची मुलं बेसलाइनच्या (कोर्टच्या मागच्या रेषेच्या) तीन-चार मीटर मागे कुंपणाला टेकून खेळताना दिसतात ती यामुळेच. दोन, बॉल डोक्याच्या उंचीवर असतानाच मारायचा, आणि त्यासाठी पंजा दांड्याच्या खाली सरकवायचा. टेनिसमध्ये याला एक्स्ट्रीम वेस्टर्न ग्रिप म्हणतात. उंच बॉलला ती सोयीची पडते, म्हणून मूल स्वतःच ती शोधून काढतं. तिला कुणी शिकवावी लागत नाही. तीन, बॉल टप्प्यातून उठता उठता मारायचा. हा उत्तम उपाय आहे, पण त्याला लागणारा अंदाज आठव्या वर्षी शंभरात एखाद्याकडे असतो.

मघाशी म्हटलं तो मुलगा दुसऱ्या प्रकारातला होता. नऊ वर्षांचा असताना त्याच्या वयोगटात त्याला कुणी हरवत नसे. उंच, गोल बॉल टाकत राहायचा आणि समोरचा चुकेपर्यंत वाट बघायचा. मी खूश, आईवडील खूश. चौदाव्या वर्षी समोरची मुलं खाली राहणारा स्लाइस (उलटी फिरकी दिलेला फटका) मारू लागली, आणि गुडघ्याच्या उंचीचा बॉल त्याला उचलताच येईना, कारण त्याचा पंजा पूर्ण दांड्याखाली गेलेला. ग्रिप बदलायला दीड वर्ष लागलं, आणि त्या दीड वर्षात तो ज्यांना सहज हरवायचा त्यांच्याकडून हरत राहिला. चूक त्याची नव्हती. बॉल मी दिला होता.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो: बॉल रॅकेटला लागतो त्या क्षणी तो शरीराच्या कुठल्या उंचीवर आहे. कमर आणि छाती यांच्यामध्ये, थोडा पुढे, कोपर मोकळं, तर साहित्य बरोबर. बहुतेक बॉल खांद्याच्या वर लागत असतील तर मुलाला ‘ग्रिप बदल, कोपर खाली घे’ असं शंभरदा ओरडून उपयोग नाही, बॉल बदला. आठ वर्षांच्या मुलाला शब्दांनी शिकवण्यासारखं तसं फार थोडं असतं. उसळी, वजन, अंतर आणि उंची हेच त्याचे खरे प्रशिक्षक, आणि ते दिवसभर बोलत असतात.

बॉलच्या रंगांविषयी बराच गोंधळ दिसतो, म्हणून जरा खोलात जातो. लाल, नारिंगी आणि हिरवा असे तीन टप्पे आहेत. वेष्टनावर लाल ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के असं लिहिलेलं असतं. हे ढोबळ मार्गदर्शन समजा. खरा फरक उसळीत आणि वजनात आहे. त्याच २५४ सेंमीवरून सोडल्यावर लाल बॉल ९० ते १०५ सेंमी उसळतो, नारिंगी १०५ ते १२०, हिरवा १२० ते १३५. पिवळ्याचं वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम, तर लाल आणि नारिंगी ३६ ग्रॅमपासून सुरू होतात. लाल बॉल आकारानेही मोठा असतो, त्यामुळे तो हवेत जास्त अडतो आणि मुलाला नीट दिसतो. अगदी सुरुवातीला स्पंजचा बॉल त्याहून बरा, कारण तो अंगाला लागला तरी कुणी घाबरत नाही. चेहऱ्यावर बॉल आदळण्याची भीती मुलांचे किती फटके बिघडवते, हे मोठ्यांच्या लक्षात येत नाही.

हे आकडे तुमच्या मुलीला लावून बघा. १२५ सेंमीच्या मुलीची कमर साधारण ७५ सेंमीवर, खांदा १०० च्या आसपास. नारिंगी बॉलसुद्धा उंच कमानीतून आला की तिच्या खांद्यावर जातो! म्हणजे ती नारिंगीवर ‘अडकलेली’ नाही, उलट काही सरावांसाठी तिला अधूनमधून लाल बॉल दिला तर मी ते योग्यच म्हणेन. व्हॉली (टप्पा पडण्याआधीच मारलेला फटका), ड्रॉप शॉट (नेटपलीकडे अलगद टाकलेला बॉल), एकहाती बॅकहँडचे प्रयोग, स्लाइस हे सगळं लाल बॉलवर छोट्या कोर्टवर लवकर येतं. माझ्याकडची चौदा-पंधरा वर्षांची मुलंही कधी कधी सराव लाल बॉलने सुरू करतात, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

घरात पडलेला मेलेला पिवळा बॉल नारिंगीच्या जागी चालेल का, असंही लोक विचारतात. नाईलाज असेल तर चालवा, पण दोन्ही एक नाहीत. जुना बॉल कमी उसळतो, हे खरं. त्याचं वजन मात्र जवळजवळ तेवढंच राहतं, त्यामुळे छोट्या मनगटाला धक्का तसाच बसतो. कुठला बॉल कशा अवस्थेत आहे हे कळायला सोपी परीक्षा आहे. भिंतीवर खुणा करा, ठरावीक उंचीवरून बॉल सोडा. चांगला पिवळा बॉल सोडलेल्या उंचीच्या निम्म्यापेक्षा थोडा जास्त वर येतो, हिरवा जेमतेम निम्मा, नारिंगी निम्म्याला पोचत नाही आणि लाल एक तृतीयांशाच्या थोडा वर.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून नियमच केला की दहा आणि त्याखालच्या वयोगटाच्या स्पर्धांमध्ये नेहमीचा पिवळा बॉल वापरायचा नाही. त्यामुळे ‘त्या दोन मुलांना स्पर्धेची सवय लागतेय’ हा युक्तिवादही फारसा टिकत नाही. त्यांच्या वयाच्या स्पर्धेत तो बॉल नसायलाच हवा.

‘पूर्वीचे मोठे खेळाडू कुठे लाल बॉलवर शिकले?’ हा प्रश्न मला दर महिन्याला एकदा तरी येतो. खरं आहे, नाही शिकले. पण पिवळ्या बॉलवर सुरुवात करून कंटाळून दहाव्या वर्षी खेळ सोडलेल्या मुलांची नावं कुणाच्या लक्षात नसतात. जे तरले तेवढेच आपल्याला दिसतात.

अभ्यासही झाले आहेत, आणि त्यातले दोन मला उपयोगी वाटतात. ऑस्ट्रेलियात डेमियन फॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१० मध्ये आठेक वर्षांच्या नवशिक्या मुलांचे चार गट केले: पूर्ण किंवा लहान कोर्ट, नेहमीचा किंवा हलका बॉल. पाच आठवड्यांच्या सरावात मोठं कोर्ट आणि नेहमीचा बॉल मिळालेल्या गटाला फटके मारण्याची संधीच इतरांपेक्षा कमी मिळाली, आणि जमले तेही कमी. यात आश्चर्य काय, असं तुम्ही म्हणाल. पण तासाच्या सरावात मूल किती वेळा बॉल मारतं आणि किती वेळा तो उचलायला धावतं, हे एकदा मोजून बघा.

२०१४ मधला दुसरा अभ्यास मला जास्त आवडतो, कारण त्यातून मला घरगुती परीक्षा मिळाली. मुलांना फटके मारता मारता डोकं गुंतवणारं जास्तीचं काम दिलं. मोठ्यांच्या साहित्यावर कमी कसबाच्या मुलांचा खेळ त्याने ढासळला, मापाच्या साहित्यावर ढासळला नाही. याचा अर्थ मी असा लावतो की मापाची रॅकेट आणि बॉल हातात असेल तर फटका आपोआप होतो, डोकं मोकळं राहतं. रॅकेट जड आणि बॉल चपळ असेल तर सगळं लक्ष फटका सावरण्यातच खर्च होतं, आणि समोरचा कुठे उभा आहे हे बघायला काही उरत नाही. आता मी मुलांना रॅली (दोघांमधली सलग फटक्यांची देवाणघेवाण) चालू असताना वीसपासून उलटे आकडे म्हणायला लावतो. सतरा-अठरापाशी रॅली कोलमडली, तर ते साहित्य अजून त्या मुलाला जड आहे.

सर्व्हिसचा मुद्दा वेगळा सांगावा लागेल, कारण मोठं कोर्ट सगळ्यात जास्त नुकसान तिथे करतं. बेसलाइनपासून नेट ११.८८५ मीटर, आणि नेटपासून पलीकडची सर्व्हिस लाइन (सर्व्हिस जिच्या आत पडावी लागते ती रेषा) ६.४० मीटर. नेटला चाटून सर्व्हिस लाइनवर पडणारी सरळ रेषा मागे ओढली तर ती बेसलाइनवर साधारण २.६ मीटर उंचीला येते. मध्यम उंचीच्या प्रौढाचा हात आणि रॅकेट जेमतेम तिथवर पोचते. तुमच्या मुलीची पोच रॅकेटसह फार तर दोन मीटरच्या आसपास. बॉलला ती वरून खाली मारूच शकत नाही, वर उडवावा लागतो, आणि तो उडवण्यासाठी मुलं शरीर मागे झुकवतात, तळव्यावर ताट धरल्यासारखी रॅकेट सपाट उघडतात. ही सवय मोडायला वर्षं जातात. आता छोटं लाल कोर्ट घ्या: लांबी सुमारे ११ मीटर, नेट ८० सेंमी. सर्व्हिस लाइनची अट सोडून पलीकडच्या अर्ध्या कोर्टात कुठेही पडली तर चालेल असं ठरवलं, की तीच सरळ रेषा १.६ मीटरवर येते. मुलगी त्याच्या वर पोचते! म्हणजे तिला खरी सर्व्हिस मारता येते, वर ताणून, पूर्ण हात फिरवून. नारिंगी कोर्ट यांच्या मधलं, १८ मीटरच्या आसपास. तिथे सर्व्हिस नेटच्या थोडं जवळून करू द्यायला मी कधी कचरत नाही.

सर्व्हिससाठी आणखी एक युक्ती. एका लांब मोज्यात बॉल घाला, वर गाठ मारा, आणि मोज्याचं दुसरं टोक धरून मुलीला तो सर्व्हिससारखा फेकायला सांगा. हात ढिला ठेवून चाबकासारखा सोडला तरच तो लांब जातो. ताठ हाताने फेकला की दोन पावलांवर पडतो. ‘हात सैल सोड’ असं सांगण्यापेक्षा हे बरं.

कोर्ट आणि नेट स्वतः करता येतात, त्यासाठी अकादमी लागत नाही. मोठ्या कोर्टवर आडवी लाल कोर्टं आखली की चार मावतात. खडूने किंवा जमिनीवर टाकायच्या रबरी पट्ट्यांनी रेषा आखा. मोकळ्या जागेत दोन खुर्च्यांमध्ये रंगीत फीत बांधली तरी नेट झालं. पूर्ण नेटवर खेळवायचंच असेल तर मध्यभागचा पट्टा आणखी खाली ओढा. कमी नेटवर मुलं नेटपाशी यायला धजतात, व्हॉली मारतात, गुण जिंकायचा प्रयत्न करतात. उंच नेटवर ती मागे राहून बॉल परतवत बसतात. एक उलटी युक्तीही आहे: बॉल सारखा नेटमध्ये जात असेल तर नेटच्या मीटरभर वर दोरी बांधा आणि ‘दोरीवरून’ एवढंच सांगा. रॅकेटचा कोन मूल स्वतः शोधतं.

आता रॅकेट. लहान मुलांच्या रॅकेटी १७ ते २६ इंच लांबीच्या मिळतात, मोठ्यांची २७ इंची, म्हणजे ६८.६ सेंमी. तुमच्या मुलीच्या उंचीला २३ इंची बरोबर असावी. हात सरळ खाली सोडून रॅकेट धरल्यावर टोक जमिनीच्या किंचित वर राहायला हवं. टेकून हात वाकत असेल तर रॅकेट लांब आहे. मग हात खांद्याच्या रेषेत पुढे सरळ धरायला सांगा आणि मनात पंधरा मोजा. टोक खाली झुकू लागलं तर ती जड आहे, लांबी बरोबर असली तरी. वजनाइतकंच ते कुठे आहे हे महत्त्वाचं; डोक्याकडे, म्हणजे तारांच्या बाजूला जड असलेली रॅकेट एकूण वजनाला हलकी असली तरी फिरवायला जड जाते. म्हणूनच मोठ्या माणसाची जुनी रॅकेट दांडा कापून मुलाला देऊ नका. दांड्याचं वजन गेलं की उरलेली रॅकेट डोक्याकडे आणखी जड होते. त्यापेक्षा थोडी लांब रॅकेट वर सरकवून धरू दिलेली परवडते, विशेषतः व्हॉलीला.

दांड्याची जाडी बहुतेक पालक बघतच नाहीत. पकडल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांच्यामध्ये दुसऱ्या हाताची तर्जनी बसली पाहिजे. जागाच नसेल तर दांडा बारीक आहे, वरून एक ओव्हरग्रिप (पातळ पट्टी) गुंडाळा. जागा जास्त असेल तर दांडा जाड आहे, आणि त्याला उपाय नाही. गटिंग, म्हणजे रॅकेटच्या तारा, मऊ, नायलॉनचं, आणि ढिलंच ठेवा. पॉलिस्टरच्या कडक तारा या वयात अजिबात नकोत. मोठ्या खेळाडूंची नक्कल करायला म्हणून लावलेल्या त्या तारांपायी कोपर धरून बसलेली दहा-अकरा वर्षांची मुलं मी पाहिली आहेत.

पुढच्या टप्प्याला कधी जायचं? इथे मात्र मी तुमच्या शंकेला थोडं वजन देतो, कारण उशीरही होतो. बॉल तिच्यासाठी फार हळू झाला की त्याची लक्षणं दिसतात: प्रत्येक बॉल कोर्टच्या आत शिरून ती सपाट हाणते, गुण दोन-तीन फटक्यांत संपतात, पाय हलत नाहीत कारण हलायची गरजच नसते, आणि चेहऱ्यावर कंटाळा. अशी मुलगी हिरव्या बॉलवर जायला हवी, वय काही असो. उलट सर्व्हिस, रॅली आणि गुण मोजून खेळणं हे तिन्ही धड जमत नसेल तर दहाव्या वर्षीही घाई नको. हिरवा बॉल पूर्ण कोर्टवर खेळायचा असतो आणि मला तो सगळ्यात कमी लेखलेला बॉल वाटतो. लोक त्याला सहा महिन्यांचा थांबा समजतात. मी दोन वर्षं वापरायला सांगतो, प्रौढ नवशिक्यांनाही.

बदलताना एक पथ्य पाळा: दोन गोष्टी एकदम बदलू नका. नवा बॉल आणि नवी रॅकेट एकाच आठवड्यात आली की काय बिघडलं हे कुणालाच कळत नाही. नवा बॉल आधी रॅलीच्या सरावात आणा, गुणांच्या खेळात जुनाच ठेवा. हरण्याची भीती असताना मूल नवीन काही करून बघत नाही, ओळखीचं तेच करतं. आणि मागे जायची मुभा कायम ठेवा. उंची झपाट्याने वाढते त्या महिन्यांत चांगल्या मुलांचाही अंदाज चुकतो, तेव्हा पंधरा दिवस खालच्या बॉलवर नेलं की गाडी रुळावर येते. त्याला शिक्षेचं नाव पडणार नाही एवढी काळजी घ्या.

तुमच्या मुलीचा खेळ मी पाहिलेला नाही, म्हणून तुम्हीच एक काम करा. तिच्या प्रशिक्षकांना सांगून दहा मिनिटं हिरव्या बॉलने पूर्ण कोर्टवर रॅली खेळू द्या आणि मोबाइलवर चित्रित करा. घरी सावकाश बघून सलग वीस फटके मोजा: किती कमर आणि छातीच्या मध्ये लागले, किती खांद्याच्या वर. चौदा-पंधरा मधल्या पट्ट्यात असतील तर हिरव्याची सुरुवात करायला हरकत नाही. आठ-दहाच असतील तर नारिंगीवर राहू द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा. चित्रण मात्र बाजूने, नेटच्या रेषेला समांतर उभं राहून करा. बहुतेक पालक कुंपणाबाहेरून पाठीमागून घेतात, आणि त्यात उंची अजिबात कळत नाही.